विसरलेल्या मुलांचा बोलपट

मंडळी, परक्या मुलखातला, परक्या भाषेतला, पाऊणशे वर्षांपूर्वीचा बोलपट आपण कशाला पाहायचा, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी हकीकत ऐका.

१९४० नंतर मेक्सिकोत कारखानदारी वाढली. खेड्यांतली माणसे पोटासाठी राजधानीकडे, मेक्सिको सिटीकडे लोटली. उंच इमारती उठल्या, आणि त्यांच्या पाठीमागे झोपड्याही. मूळचे स्पेनचे दिग्दर्शक लुईस बुन्युएल या वस्त्यांतून हिंडले आणि त्यांनी ‘लोस ओल्विदादोस’ हा बोलपट काढला. ओल्विदादोस म्हणजे विसरलेली माणसे.

१९५०च्या नोव्हेंबरात तो लागला मात्र, देशाची बदनामी झाली म्हणून एकच गिल्ला उठला. चार दिवसांतच तो उतरवावा लागला. पण १९५१ साली फ्रान्समध्ये कान येथील महोत्सवात बुन्युएलना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. तेथे त्यांची बाजू मांडली कवी ओक्ताव्हियो पाझ यांनी. हेच पाझ पुढे १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. मग मायदेशानेही तो बोलपट पुन्हा लावला. २००३ साली युनेस्कोने त्याला जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले.

यात एक खेड्यातला पोर आहे. बाप त्याला बाजारात उभा करून गेला, तो परतलाच नाही. दुसरा पेद्रो. चोरीचा खोटा आळ येऊन तो शेतीशाळेत येतो. तिथले मुख्याध्यापक त्याच्या हाती पन्नास पेसो ठेवतात, फाटक उघडतात आणि म्हणतात, जा, सिगारेटी घेऊन ये. कुणीतरी विश्वास टाकला, या आनंदात पोरगा निघतो. परत येणारच असतो हो! पण फाटकाबाहेर जुना सोबती टपलेला असतो. तो पैसे हिसकावतो.

गुरुजी, चूक कुणाची? मुख्याध्यापकांची खचित नव्हे. विश्वास टाकला हे बरेच केले. पण त्यांचा हात फाटकापर्यंतच पोचला. पुढचा रस्ता होता तसाच राहिला. निर्मात्यांनी गोड शेवटही चित्रित करून ठेवला होता, पण तो वापरला नाही. ते योग्यच झाले.

तेव्हा पाहावा का? जरूर पाहावा. लहान मुलांना दाखवू नका. मारहाण फार आहे. मोठ्यांनी मात्र पाहावा. आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना जे नाव बरेच दिवस ‘गैरहजर’ आहे, त्या मुलाच्या घरी एक चक्कर टाकावी.