प्रस्तावना : न दुखणारी सूज

‘मेंदूला सूज आलीय,’ असं दवाखान्याच्या बाकावर बसलेले नातेवाईक सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात मेंदूज्वर असतो : ताप, झटके, बेशुद्धी. या पुस्तकातली सूज ती नव्हे. गुडघा सुजला की लाल होतो, फुगतो, तापतो, ठणकतो. रोमन लेखक सेल्ससनं दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची हीच चार लक्षणं लिहून ठेवली. अल्झायमर किंवा पार्किन्सनच्या मेंदूत यातलं एकही जाणवत नाही. मेंदूच्या ऊतीला मुळी वेदनाच कळत नाही. म्हणून ‘सूज’ शीर्षकापुरती ठेवून पुढे मी ‘दाह’ म्हणणार आहे.

या दाहाच्या केंद्रस्थानी आहे मायक्रोग्लिया नावाची पेशी. ‘ग्लिया’ हे नावच मुळात हिणकस. १८५६ मध्ये रुडॉल्फ फिरखोला चेतापेशींच्या मधला हा ऐवज सुतार फटीत भरतात त्या लांबीसारखा वाटला. १९१९ मध्ये माद्रिदच्या पिओ देल रिओ-ओर्तेगानं चांदीच्या क्षारानं रंगवून त्यातली ही बारीक, फांद्याफांद्यांची पेशी वेगळी काढली, आणि ती हलते, मेलेलं खाऊन टाकते, हेही ओळखलं. तरी पुढे कित्येक दशकं ती ‘विश्रांत’ समजली गेली. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावल्यावर दिसलं, की ही विश्रांत पेशी आपल्या फांद्या सतत फिरवून भोवताल चाचपत असते. इतकं चुकीचं विशेषण शास्त्रात क्वचितच एवढं टिकलं असेल.

पार्किन्सनचा मेंदू पाहायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. मध्यमेंदू आडवा कापला, की निरोगी माणसात दोन्ही बाजूंना काजळाची रेघ ओढल्यासारखे काळे पट्टे दिसतात. रुग्णात ते पुसट झालेले असतात, कारण तो काळा रंग धरणाऱ्या चेतापेशीच मेलेल्या असतात. १९८८ मध्ये व्हँकूव्हरच्या पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या दाम्पत्यानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भागात एचएलए-डीआर हे प्रथिन रंगवलं. प्रतिकारयंत्रणा कामाला लागल्याची ती खूण. ती मिरवणारी मायक्रोग्लिया तिथे गर्दी करून होती. अल्झायमरच्या मेंदूतही तेच.

पण मेलेल्यांची साफसफाई करायला आलेल्यांनाच मारेकरी ठरवायचं का? मला या क्षेत्रातला सगळ्यात अस्वस्थ करणारा पुरावा कॅलिफोर्नियातला वाटतो. १९८२ मध्ये तिथे भेसळयुक्त अमली पदार्थ टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक पार्किन्सनसारखा आजार जडला. विष होतं एमपीटीपी. त्यांच्यापैकी तिघांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. विष शरीरातून केव्हाच गेलं होतं, तरी वर्षांनंतरही मायक्रोग्लिया चेतापेशींभोवती सक्रिय होती. काम संपल्यावर ती घरी का गेली नाही? माझ्या मते या क्षेत्राचा खरा प्रश्न हाच आहे.

‘दाह आहे ना, मग दाहशामक द्या’ हा सोपा उपाय करून झाला आहे. नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही औषधं अल्झायमर टाळण्यासाठी अडीच हजारांवर वृद्धांवर आजमावली जात होती. हृदयाच्या धोक्याच्या शंकेनं २००४ मध्ये ती थांबवली, आणि संरक्षण काही दिसलं नाही. पुढे २०१२ च्या अखेरीस टीआरईएम-२ या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार सापडला. तो अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट करतो, आणि करतो तो मायक्रोग्लियाला दुबळं करून! म्हणजे ही पेशी सुटली तरी घात आणि थकली तरी घात. ‘मेंदूतला दाह कमी करणारा आहार’ विकणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

नवख्या वाचकानं रेणूंच्या नावांना बिचकू नये. पहिल्या वाचनात ती ओलांडून गेलं तरी चालेल. एक विनंती मात्र आहे. वर सांगितलेले बरेचसे शोध दान केलेल्या मेंदूंवर झाले, आणि तुलनेसाठी निरोगी माणसांचे मेंदूही तितकेच लागतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. नेत्रदानाचा अर्ज भरलेल्या वाचकांनी घरच्यांशी याबद्दलही एकदा बोलून ठेवावं.