भारतीय महिला खो-खो संघ : आंतरराष्ट्रीय कामगिरी

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये प्रथम बांधले. आंतरराष्ट्रीय क्षेत्र मात्र या खेळास फार उशिरा लाभले. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याचा समावेश २०१६ साली गुवाहाटी येथे झाला. तेथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) सारिका काळे यांच्याकडे होते. पावसाची ओढ सोसणाऱ्या या जिल्ह्यात साहित्याविना खेळता येणारा हा खेळ रुजावा, हे स्वाभाविकच होय. काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ तो खो-खोच्या वाट्यास आला नव्हता. २०१९ मध्ये नेपाळमधील स्पर्धांत नसरीन शेख यांच्या संघाने सुवर्णपदक राखले.

पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झाली. प्रियांका इंगळे यांच्या संघाने दक्षिण कोरियास १७५–१८, उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेस ६६–१६ आणि अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरविले. या आकड्यांवरून संघाचे बळ जोखताना सावधगिरी हवी. मॅटवरील या नव्या प्रकारात गडी बाद केल्यास दोन गुण मिळतात, त्यामुळे जुन्या धावफलकांशी त्यांची तुलना होत नाही. शिवाय बहुतेक प्रतिस्पर्धी या खेळात नवखे होते. खरी झुंज नेपाळनेच दिली. धाराशिवच्या अश्विनी शिंदे याही या विजेत्या संघात होत्या.