डोळ्यांची साथ आणि औषधांचे श्रेय

2023 च्या पावसाळ्यात आळंदीत हजारो लोकांचे डोळे आले आणि राज्यात इतरत्रही साथ पसरली. साथ आली की तिच्यामागोमाग उपायही येतात. कोणी गुलाबपाणी सांगतो, कोणी मध, कोणी युफ्रेशियाच्या गोळ्या. आठवडाभरात डोळे निवळतात आणि ज्याने जे वापरले त्याला श्रेय मिळते. ते खरोखर कोणाचे, हे कसे ठरवायचे?

युफ्रेशियाचेच पाहू. युरोपातील गवताळ कुरणांत उगवणारी ही इवलीशी वनस्पती. तिच्या पांढऱ्या पाकळीवर जांभळ्या रेषा आणि पिवळा ठिपका असतो, म्हणजे जणू लाल झालेला डोळाच! वनस्पतीच्या रूपातच तिच्या उपयोगाची खूण असते, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे ती डोळ्यांचे औषध ठरली. 1811 ते 1821 या काळात हानेमान यांनी आपला औषधिसंग्रह खंडशः प्रसिद्ध केला. त्यातही तिला जागा मिळाली.

होमिओपॅथीत '30 सी' म्हणजे शंभरात एक हे विरलन तीस वेळा करणे, म्हणजे एकावर साठ शून्ये इतके. एक ग्रॅम-रेणू पदार्थात सुमारे 6 गुणिले 10 चा 23 वा घात इतके रेणू असतात. तेव्हा बाराव्या विरलनानंतर मूळ वनस्पतीचा एखादा रेणू उरण्याची शक्यता फारच थोडी. (हे गणित अकरावीच्या वर्गात फळ्यावर जरूर मांडून पाहावे.) पण आकडेमोड पुरेशी नाही, प्रत्यक्ष पडताळाही हवा. तो होमिओपॅथांनीच घेतला, हे त्यांच्या श्रेयाचे. डोळे येऊ नयेत म्हणून हजाराहून अधिक मुलांपैकी काहींना युफ्रेशिया आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या निरौषधी गोळ्या देण्यात आल्या. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. निष्कर्ष 1992 साली ब्रिटिश होमिओपॅथिक जर्नलमध्ये आला: दोन्ही गटांत फरक नाही.

हीच कसोटी आधुनिक औषधालाही लावली पाहिजे. इंग्लंडमध्ये डोळे आलेल्या 326 मुलांवर अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2005 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब घातलेली 86 टक्के मुले सातव्या दिवशी बरी होती. औषध नसलेले थेंब घातलेली? 83 टक्के! तुलनेचा गट नसता, तर त्या निव्वळ थेंबांनाही रामबाण म्हटले गेले असते.

म्हणून सगळेच जुने उपाय पोकळ, असेही नाही. दारुहळदीचा काढा दुधासह आटवून रसांजन करतात. नेत्ररोगांवर ते आयुर्वेदात पूर्वापार वापरले जाते. दारुहळदीतील पिवळे द्रव्य म्हणजे बर्बेरिन. 1982 साली भारतीय संशोधकांनी खुपरीच्या रुग्णांवर 0.2 टक्के बर्बेरिनचे थेंब आणि 20 टक्के सल्फासिटामाइड यांची तुलना केली. सल्फाने लक्षणे अधिक कमी झाली, पण रोगजंतू टिकले आणि रोग उलटला. बर्बेरिनच्या गटात तसे घडले नाही. आम्हाला हा निष्कर्ष विलक्षण वाटतो, मात्र रुग्ण जेमतेम पन्नास होते. पुढे जगभर खुपरीविरुद्धच्या मोहिमांत वापरले गेले ते अॅझिथ्रोमायसिन. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे मान्य केले.

शिवाय शुद्ध बर्बेरिनचे निर्जंतुक थेंब वेगळे आणि घरी वाटलेल्या पाल्याचा रस वेगळा. टांझानियातील 1994 च्या एका पाहणीत डोळ्याच्या पारदर्शक पटलावरील व्रणांपैकी 25 टक्के व्रणांचा संबंध पारंपरिक औषधांशी आढळला. साखरेच्या गोळीने निदान हे तरी होत नाही. वर्गातील एखाद्या मुलाचा डोळा नुसता लाल नसून ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा फळा अंधुक दिसत असेल, तर आठवडाभर वाट न पाहता त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.