भाड्याचे घर, स्वतःचे सामान : विमा कोणता घ्यावा?

पुण्यात शिकणारे एखादे तरुण जोडपे सदनिका भाड्याने घेते, तेव्हा अनामत रक्कम, दलाली आणि करारनाम्याची नोंदणी यांतच त्यांचे गणित संपते. सामानाच्या विम्याचा विषय निघालाच, तर ‘ते घरमालक बघेल’ असे म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. घरमालकाने विमा उतरवला असला, तरी तो इमारतीचा व त्याच्या मालकीच्या वस्तूंचा असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले मुठेचे पाणी ज्यांनी पाहिले, त्यांना तळमजल्यावरच्या भाडेकरूचे काय होते हे सांगायला नको.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध करून द्यावी लागते. इमारत वगळून केवळ घरातील सामानाचा विमाही तीत उतरवता येतो. भाडेकरूने नेमका तोच मागावा. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणे ही संकटे तीत येतात. विम्याची रक्कम प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी निघाली, तरी त्या प्रमाणात दावा कापला जात नाही, ही तिची मोठी सोय. मात्र भरपाई विम्याच्या रकमेपुरतीच मिळते. तेव्हा वस्तू आज नव्याने घ्यायची तर काय पडेल, या हिशेबाने रक्कम ठरवावी. दोन लॅपटॉप एक लाख दहा हजार, फ्रिज व वॉशिंग मशीन चाळीस हजार, पलंग-गाद्या, भांडी, कपडे व पुस्तके पन्नास हजार, असे लिहीत गेले की ‘आमच्याकडे आहे काय’ म्हणणाऱ्यांचा आकडाही दोन लाखांवर जातो.

खरी मेख चोरीत आहे. या पॉलिसीत चोरीची भरपाई मिळते ती आग वा पुरासारख्या विमित घटनेमुळे, त्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीचीच. एरवी कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तेथेही जबरदस्तीने प्रवेश झाल्याच्या खुणा पाहिल्या जातात. उघड्या दारातून लॅपटॉप गेला, तर दावा सहसा टिकत नाही. दिवाळीत वा मे महिन्यात दोघेही गावी जात असतील, तर घर सलग किती दिवस बंद राहिलेले चालते, हे आधी विचारावे. अनेक पॉलिसींमध्ये ही मर्यादा तीस दिवसांची असते.

लॅपटॉप महाविद्यालयात वा बसमध्ये हरवला, तर घराच्या विम्याचा उपयोग नाही. त्यासाठी घराबाहेरही लागू असलेले संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे. ते परवडते का, हे लॅपटॉपच्या वयावरून ठरवावे. शॉर्टसर्किटने फ्रिजच जळाला तर त्या फ्रिजची भरपाई नाही, पण त्यातून आग पसरून अन्य सामान जळाले तर आहे. रोकड, वाहने, कागदपत्रे व हस्तलिखिते वगळलेली असतात. प्रबंधाची हस्तलिखित टिपणे कोणतीच कंपनी भरून देणार नाही. त्यांची प्रत दुसरीकडे असलेली बरी.

प्रस्ताव भरताना आपण भाडेकरू असल्याचे स्पष्ट लिहावे. वस्तू दोघांच्या मालकीच्या असतील तर दोघांचीही नावे पॉलिसीत असावीत. विवाह झालेला नसेल, तर हे विशेष जपावे, कारण ‘कुटुंबीय’ या शब्दाची व्याख्या पॉलिसीगणिक बदलते. सुसज्ज सदनिकेतील गीझर, कपाट घरमालकाचे; ते आपल्या यादीत घालू नये. बिले व वस्तूंची छायाचित्रे ई-मेलवर ठेवावीत, म्हणजे घराबरोबर पुरावाही बुडणार नाही.

नुकसान होताच कंपनीला कळवावे. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार हवीच. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास वा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही. हे कार्यालय पुण्यातही आहे.