द्रव वर्णलेखनातील विद्रावक

मिश्रणातील घटक स्तंभातून वाहून नेत एकमेकांपासून अलग करणाऱ्या द्रवास या पद्धतीत चल प्रावस्था म्हणतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिवैज्ञानिकांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत पानांतील रंगद्रव्ये कॅल्शियम कार्बोनेटाच्या स्तंभात कार्बन डायसल्फाइडाच्या साहाय्याने अलग केल्याचे वर्णन आहे. तेव्हा परीक्षा डोळ्यांनी होत असे. त्यामुळे विद्रावकातील रंगहीन मल नजरेस येत नसे. १९६० नंतरच्या दशकात उच्च दाबाचे पंप व जंबुपार प्रकाशावर चालणारे अभिज्ञातक प्रचारात आले आणि हाच मल आलेखावर खोटे शिखर म्हणून उमटू लागला. या कामासाठी विद्रावकांची वेगळी शुद्ध प्रत तयार करावी लागली, ती यामुळेच.

विद्रावक सिद्ध करण्याची रीत साधी, परंतु काटेकोर आहे. मिथेनॉल व पाणी प्रत्येकी ५० मिलि. एकत्र केल्यास मिश्रण सुमारे ९६ मिलि. भरते, म्हणून दोन्ही द्रव स्वतंत्रपणे मोजावे लागतात. मिश्रण ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून गाळतात व निर्वाताने किंवा हीलियम वायू सोडून त्यातील हवा काढतात. अन्यथा पंपात बुडबुडे अडकतात. फॉस्फेटयुक्त उभयप्रतिरोधी विद्राव शिळा झाल्यास त्यात सूक्ष्मजंतू वाढतात.

ॲसिटोनायट्राइल हे सुमारे १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक असल्याने औषध परीक्षणात विशेष मानाचे ठरले. त्याचा बहुतांश पुरवठा मात्र ॲक्रिलोनायट्राइलाच्या निर्मितीतील उपपदार्थ म्हणून होई. २००८ मध्ये जागतिक मंदीने मोटारींसाठी लागणाऱ्या प्लॅस्टिकांची मागणी घटली आणि २००८–०९ मध्ये जगभर ॲसिटोनायट्राइलाचा तुटवडा पडला. औषधाच्या मान्य परीक्षण पद्धतीतील विद्रावक बदलला, तर ती पद्धत पुन्हा प्रमाणित करावी लागते. तोवर तयार माल अडून राहतो. एका उपपदार्थावर इतके विसंबणे मुळातच धोक्याचे होते.

ॲसिटिक अम्ल व अमोनिया यांपासून ॲसिटोनायट्राइल थेट बनविता येते. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे कारखाना असलेली अल्काइल अमाइन्स आणि सोलापूरची बालाजी अमाइन्स या महाराष्ट्रातील कंपन्या हे द्रव्य तयार करतात. औद्योगिक प्रतीचा माल मात्र तसाच स्तंभात चालत नाही. पुन्हा शुद्धीकरण व ऊर्ध्वपातन करावे लागते. वापरलेले द्रव परत मिळविणेही सोपे नाही, कारण पाण्याशी त्याचे सुमारे ७६° से. ला उकळणारे स्थिरक्वाथी मिश्रण बनते व त्यात सुमारे १६ टक्के पाणी राहूनच जाते.