युद्धकालीन लष्करी मृद्भांडी : निर्मात्यांची ओळख आणि खानदेशातील इतिहासाभ्यास

प्रस्तावना :
इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, नाणी व शिलालेख यांना जे स्थान मिळाले, ते खापरांना बऱ्याच उशिरा मिळाले. खानदेशचा प्राचीन इतिहास मात्र मुख्यतः खापरांवरच उभा आहे. गिरणाकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये आणि तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये केलेल्या उत्खननांमुळे या प्रदेशातील ताम्रपाषाणयुगाचा कालक्रम स्पष्ट झाला. पूर्वीच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील सावळदा गावाने तर एका मृद्भांडी-परंपरेला आपले नाव दिले. मृद्भांड्याला साधन मानण्याची ही दृष्टी आधुनिक काळातील, विशेषतः दोन महायुद्धांतील लष्करी भांड्यांनाही लावता येते. प्रस्तुत निबंधात अशा भांड्यांचे निर्माते कसे ओळखावेत, याचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१) लष्करी भांड्यांवरील खुणांचे प्रकार स्पष्ट करणे.
२) त्यांवरून निर्माता व काळ ठरविण्याच्या मर्यादा दाखविणे.
३) स्थानिक इतिहासलेखनातील त्यांचे महत्त्व सांगणे.

मालकाची खूण व निर्मात्याची खूण :
प्राचीन भांड्यांवर कोरलेल्या खुणा कुंभाराच्या की भांडे वापरणाऱ्याच्या, हा पुरातत्त्वातील जुना वाद आहे. लष्करी भांड्यांबाबतही पहिला प्रश्न हाच असतो. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर उमटविला जाणारा रुंद बाण हे मालकीचे चिन्ह होय. त्यावरून भांडे कोणी घडविले हे कळत नाही. निर्मात्याचा शिक्का बहुधा बुडाशी वा बुडाजवळ असतो. या दोन खुणांची गल्लत झाली, की संग्रहालयातील नोंदही चुकते.

पहिल्या महायुद्धातील रमच्या बरण्या याचे उत्तम उदाहरण आहेत. सुमारे एक गॅलन मापाच्या या स्टोनवेअर बरण्यांचा वरचा भाग तपकिरी, तर खालचा फिकट असून त्यांवर ‘एस. आर. डी.’ ही अक्षरे असतात. सैनिकांनी या अक्षरांचे अनेक विनोदी अर्थ लावले. ‘सप्लाय रिझर्व्ह डेपो’ हा त्यांचा सर्वसाधारणपणे मान्य झालेला अर्थ आहे. म्हणजे ही अक्षरे पुरवठा खात्याची आहेत. निर्माता शोधावयाचा तर बरणीचा खालचा भाग पाहावा लागतो. तेथे कधी चेस्टरफिल्डजवळील व्हिटिंग्टन मूरच्या पिअर्सन कंपनीचा, कधी लँबेथच्या डोल्टनचा शिक्का आढळतो. अनेक बरण्यांवर मात्र कोणताच शिक्का नसतो.

राजाक्षरे व वर्ष :
‘जी. आर.’ या राजाक्षरांवरून काळाचा अंदाज येतो. पण ती पंचम जॉर्ज (१९१०–१९३६) व षष्ठ जॉर्ज (१९३६–१९५२) या दोघांनाही लागू पडतात. अंक किंवा छापलेले वर्ष सोबत नसेल, तर केवळ या अक्षरांवरून भांडे कोणत्या महायुद्धातील हे ठरविणे धोक्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून ब्रिटनमधील देशांतर्गत विक्रीच्या भांड्यांवर नक्षीला बंदी आली. त्यामुळे साधे पांढरे भांडे हे त्या काळाचे लक्षण ठरते. परंतु ते नागरी की लष्करी, हे त्यावरील सरकारी चिन्हानेच कळते.

नावाऐवजी क्रमांक :
जपानमधील पद्धत याहून वेगळी होती. युद्धकालीन नियंत्रणाखाली अनेक भांड्यांवर निर्मात्याचे नाव नसे. उत्पादनक्षेत्राचे अक्षर व क्रमांक एवढेच असे. उदाहरणार्थ, गिफू भागातील भांड्यांवर त्या प्रदेशाचे अक्षर व पुढे अंक दिसतो. धातूची टंचाई तीव्र झाल्यावर तेथे चिनी मातीचे हातबॉम्बही तयार करण्यात आले. पिढ्यान्पिढ्या ज्या भट्ट्यांतून चहाचे पेले निघत, त्यांतील काहींना बॉम्बची कवचे भाजावी लागली. येथे क्रमांकावरून निर्माता शोधणे म्हणजे युद्धाने पुसलेले कारागिराचे नाव पुन्हा लिहिणे होय.

खानदेशच्या संदर्भात :
भारतीय सैन्यालाही हे युद्ध दूर नव्हते. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरणागती झाली. खानदेशात १८२५ पासून भिल्ल पलटणीची लष्करी परंपरा होती. भुसावळ हे मुंबईहून नागपूर व इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गांचे मोठे जंक्शन होते. अशा प्रदेशात एखाद्या जुन्या घरात वा जुन्या बाजारात शिक्क्याचे भांडे मिळाले, तर ते भंगार समजून टाकून देऊ नये. त्याच वेळी, भांड्यावर इंग्लंडचा शिक्का आहे म्हणून घरातील कोणी परदेशी लढले असेच मानणेही योग्य नाही. भांडे लिलावातून, रेल्वेतून वा व्यापारातून आलेले असू शकते. निर्माता कळल्याने भांड्याचा उगम समजतो, त्याचा प्रवास नव्हे. त्यासाठी ते कोठे, कोणाकडे व कोणत्या वस्तूंसोबत मिळाले याची नोंद हवी.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अस्सल साधनांचा आग्रह धरला. १९२६ मध्ये त्यांचे निधन धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. कागदाला त्यांनी लावलेली कसोटी भांड्यालाही लावली पाहिजे.

निष्कर्ष :
१) मालकीची खूण, निर्मात्याची खूण व कालदर्शक खूण यांची नोंद स्वतंत्रपणे करावी.
२) शिक्का झिलईच्या खाली आहे की वर, हे तपासावे, झिलईवर मागाहून उमटविलेला शिक्का बनावट असण्याची शक्यता असते.
३) शिक्का नसल्यास माती, घडण व झिलई यांवरून केवळ संभाव्य निर्माता सांगावा.
४) भांडे धुण्यापूर्वी बुडाचे छायाचित्र व प्राप्तिस्थळाची माहिती घ्यावी.

सावळद्याच्या कुंभाराचे नाव आज कोणालाही सांगता येणार नाही. महायुद्धातील कारागिराचे नाव शोधणे मात्र अद्याप शक्य आहे. भांडी फुटण्यापूर्वी व ती वापरणारी माणसे विस्मरणात जाण्यापूर्वी हे काम होणे आवश्यक आहे.