मंगळाचं पाकीट

२२ मे १९८४. अमेरिकेत एका माणसाच्या हाती बंद पाकीट दिलं गेलं. ते उघडायचं नव्हतं. प्रश्नकर्ता अक्षांश-रेखांश सांगणार आणि याने ‘तिथे’ काय दिसतं ते बोलत जायचं. त्याला पिरॅमिडसारख्या रचना दिसल्या, मोठी वादळं दिसली, खूप उंच, सडपातळ माणसं दिसली. ती कुठेतरी आसरा धरून सुटकेची वाट पाहत होती. पाकिटातल्या कार्डावर मंगळ ग्रहाचं नाव होतं आणि काळ होता इसवी सनापूर्वी सुमारे दहा लाख वर्षं.

हा कागद सीआयएच्या दप्तरातला आहे. जानेवारी २०१७ मध्ये या संस्थेने सुमारे १ कोटी २० लाख पानं ऑनलाइन खुली केली. मंगळावर माणसं होती हे अमेरिकेने गुपचूप मान्य केलं, याचा पुरावा म्हणून हा कागद तेव्हापासून दाखवला जातो. कागद खरा आहे, पण एक माणूस असं बोलला, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मुळात सरकारने असं पाकीट तयार तरी का केलं? त्याचं उत्तर शीतयुद्धात आहे. रशियन लोक मनःशक्तीवर संशोधन करत आहेत, या बातम्यांनी वॉशिंग्टन धास्तावलं होतं. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरॉल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी सीआयएच्या पैशावर प्रयोग सुरू केले. दूरच्या रणांगणाचं वर्णन करणाऱ्या संजयाची दिव्यदृष्टी त्यांना हवी होती. त्यांनी तिला नाव दिलं रिमोट व्ह्यूइंग.

१९७४ मध्ये पॅट प्राइस या माजी पोलीस अधिकाऱ्याला सोव्हिएत संघातल्या सेमिपालातिन्स्कजवळच्या एका गुप्त ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दिले गेले. त्याने रुळांवरून सरकणारी अजस्र क्रेन काढली. उपग्रहाच्या छायाचित्रात तिथे खरोखरच तशी क्रेन होती. हा किस्सा आजही रंगवून सांगितला जातो. प्राइसचं बाकीचं बहुतेक वर्णन चुकीचं निघालं, हे मात्र सांगितलं जात नाही.

न्यूझीलंडच्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी या प्रयोगांची टिपणं शब्द न् शब्द वाचली. कोणतं वर्णन कोणत्या जागेचं, हे परीक्षकांनी ओळखायचं होतं. पण टिपणांत मध्येच आधीच्या यशस्वी प्रयोगांचा उल्लेख यायचा, कालच्या ठिकाणाविषयी बोलणं यायचं. तेवढ्यावरून क्रम लागत होता आणि परीक्षकांकडची यादीही त्याच क्रमाने होती. असे धागे काढून टाकल्यावर जोड्या जुळेनाशा झाल्या. १९७८ मध्ये ‘नेचर’ने हे छापलं. या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम हेच, कारण ते कुणाच्याही हेतूवर शंका न घेता, केवळ चिकाटीने झालं.

लष्कराने तरीही मेरिलँडमधल्या फोर्ट मीड छावणीत रिमोट व्ह्यूअरांची तुकडी चालवली. ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक अशी नावं बदलत शेवटी ती ‘स्टारगेट’ झाली. १९९५ मध्ये सीआयएने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स यांना आकड्यांत काहीतरी असल्याचं वाटलं, मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना ते पटलं नाही. पण हेरगिरीला या माहितीचा एकदाही उपयोग झालेला नाही, असं अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून योजना बंद झाली.

स्टारगेटचा असा निवाडा करता आला, कारण कागद उरले. एमके-अल्ट्राचे उरले नाहीत. १९५३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सीआयएने नकळत माणसांना एलएसडी देऊन पाहिलं. १९७३ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशाने तिची दप्तरं नष्ट झाली. जमाखर्चाच्या फायलींत राहून गेलेले सुमारे २० हजार कागद १९७७ मध्ये हाती लागले, तेवढेच. सरकार माणसांवर चोरून प्रयोग करतं, हे म्हणणाऱ्यांना वेड्यात काढणं त्यानंतर कुणालाच शक्य नव्हतं.

नकळत एलएसडी दिलेल्या या माणसांपैकी एक फ्रँक ऑल्सन, लष्करात जैविक शस्त्रांवर काम करणारे शास्त्रज्ञ. नोव्हेंबर १९५३ मध्ये एका बैठकीत त्यांच्या मद्यात न सांगता एलएसडी मिसळलं गेलं. नऊ दिवसांनी, २८ तारखेच्या पहाटे, ते न्यूयॉर्कच्या हॉटेल स्टॅटलरच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडले. एलएसडीची गोष्ट घरच्यांना कळायला १९७५ उजाडलं. अध्यक्ष फोर्ड यांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्यांची माफी मागितली, साडेसात लाख डॉलर भरपाईही मिळाली. मुलांचं समाधान झालं नाही. १९९४ मध्ये त्यांनी वडिलांचा मृतदेह उकरून पुन्हा तपासून घेतला. पडण्याआधी डोक्यावर घाव बसला असावा, असं तपासणाऱ्या पथकाच्या प्रमुखांचं मत पडलं. मुलांनी २०१२ मध्ये सरकारवर दावा लावला. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो फेटाळला. दावा दाखल करायला फार उशीर झाला होता.